राखेखालचा इस्तू

सोमवार, १७ फेब्रुवारी

बंगल्याच्या मालकाला,

नाव ठाऊक न्हाई म्हणून मालक लिहिलं. तुमच्या फाटकाला पत्र्याची पेटी हाय. तिच्यात आजवर चिमणीनं काड्या टाकल्या, दुसऱ्या कुणी काय टाकलेलं मी बघितलं न्हाई. म्हणून ही चिठ्ठी टाकते. तुमच्या कुंपणाच्या खालच्या अंगाला घर हाय ते माझं. मी सारजाबाई धुळा मरगळे.

परवा शनिवारी तोंडानंच सांगायला आले होते. तुमच्या एका पाहुण्यानं मोबाइल काढून माझं शूटिंग केलं आणि बाकीचे हसले. परत येणार न्हाई. शिवाय तोंडानं बोलले की माझ्या शिव्या निघतात. लिहिताना त्यांची जोडाक्षरं जमत न्हाईत, तवा लिहिलेलं तुमच्याच सोयीचं. दुसरीत शाळा सुटली माझी. नात सृष्टी पाटी गिरवायला बसली तवा तिच्या शेजारी बसून परत शिकले. आता ती जांब्याला खोली घेऊन कंपनीत जाते आणि मी हितं तिच्या जुन्या वह्या संपवते.

तर ऐका. तुमी ते तीन पायांचं लोखंडी भांडं कुंपणाला चिकटून ठेवलंत. वर बाटलीतलं काहीतरी ओतलंत आणि जाळ भक्कन माणसाएवढा उठला. तितनं ठिणग्या कुंपणाच्या माझ्या बाजूला आल्या. रविवारी सकाळी बघते तर सुपाएवढं गवत काळं. आपोआप विझलं, कारण मधे शेरडांची वाट हाय, तितं माती उघडी पडलीय. त्या वाटेपासून माझी गवताची गंजी तीस पावलं. दिवाळीपासून कापून रचलेली. पाऊस पडेस्तोवर शेरडांना तीच.

भांडं हलवा. कुंपणाजवळचं गवत कापा. न्हाईतर पुढच्या शनिवारी मी वही आणणार न्हाई, कोयता आणीन.

उत्तर द्यायचं असंल तर कुंपणाच्या लाकडी खांबाला पिशवीत घालून अडकवा. अक्षर मोठं काढा.

सारजाबाई


रविवार, २३ फेब्रुवारी

ती. सारजाबाई आजी यांना सा. न.

तुमचं पत्र वाचून खरंच लाज वाटली. ज्याने शूटिंग केलं त्याला मी समोर उभं राहून ते काढून टाकायला लावलं. माझं नाव शैलेश वानखडे. आम्ही मूळचे अकोल्याकडचे. नोकरी हिंजवडीत, राहणं भुकूमला, आणि आठवड्यातले पाच दिवस काचेच्या इमारतीत काढल्यावर दोन दिवस उघड्यावर बसावं एवढ्यासाठी हे घर घेतलं. बायको कल्पना, मुलगी किमया सहा वर्षांची. तिला तुमची करडं फार आवडतात.

गवत जळलं हे मला माहीत नव्हतं. शेगडी मी कुंपणापासून चार पावलं मागे घेतली आहे. तुम्हाला मटणाच्या वासाचा त्रास होत असेल तर तसं सांगा. आम्ही पनीर आणि मक्याची कणसं भाजत जाऊ.

एक विचारू का, रागावू नका. मागच्या वर्षी मार्चमध्ये समोरचा अख्खा डोंगर तीन दिवस जळत होता. तो इथल्याच लोकांनी पेटवला होता असं ऐकलं. मग माझ्या एवढ्याशा शेगडीचीच एवढी धास्ती का? आणि तीस पावलं म्हणजे तसं बरंच अंतर झालं ना?

अक्षर मोठं काढलं आहे. पुरेसं आहे का ते कळवा.

आपला,
शैलेश


मंगळवार, २५ फेब्रुवारी

शैलेश,

मला आजी म्हणलास, म्हंजी आता मी तू म्हणते. अक्षर बरं हाय. एवढं मोठं नको काढूस, मी अडाणी हाय, आंधळी न्हाई.

पनीरचं वाचून आमच्याकडं लई हसणं झालं. अरे, आमच्यात जत्रेला बोकड पडतो. तुझ्या मटणाचा वास आला की आमच्या तोंडाला पाणी सुटतं, त्रास कुटला? ठिणगी काय विचारून उडते का, वर पनीर हाय का तंगडी?

डोंगराचं म्हणतोस ते खरं हाय. पेटवतात. नवं गवत कवळं येतं म्हणून पेटवतात, आणि मग वारा फिरला की बायकोपोरं घेऊन पळतात. खालच्या वाडीतल्या नथूचा गोठा असाच गेला. त्यांनी गाढवपणा केला म्हणून तुला परवानगी मिळाली असं न्हाई. तीस पावलांचं तर बोलूच नकोस. दुपार कलली की धरणाकडनं वारा चढतो. तो सुटला की तीस पावलं जायला जाळाला माझ्यापेक्षा कमी वेळ लागतो, आणि मी अजून पळते.

चार पावलांनी काय होत न्हाई. घराच्या मागं पाण्याची टाकी हाय ना, तिच्याजवळ ने. खाली फरशी टाक. भोवतीचं दहा पावलं गवत मुळापासून काढ, नुसतं कापून तितंच पसरू नकोस, सुकलं की तेच पेटतं. वर झाडाची फांदी नको. ती बाटली फेकून दे, कागदानं पेटव, तुला कुटली गाडी गाठायची हाय? वारा असंल त्या दिवशी घरात चपात्या खा. भरलेली बादली हाताशी ठेव. आणि पेटल्यावर विझंस्तोवर एक माणूस तितनं हलायचा न्हाई, मग आत गाणी लागू देत न्हाईतर लग्न.

आता मोठी गोष्ट. तू राख कुंपणापाशी ओततोस ते मी बघितलंय. राख दिसली म्हंजी जाळ संपला असं तुमाला शहरात वाटतं. माझ्या सासूनं मला लग्नात भांडंकुंडं दिलं न्हाई, तिच्या आगटीतला इस्तू दिला. विस्तव रे. तो रात्री राखेखाली झाकायचा आणि सकाळी फुंकर घालून उठवायचा. रानात मेंढरांमागं फिरलो तवा मडक्यात घालून डोक्यावर नेला. अजून तोच हाय, काडी लावायची पाळी आली न्हाई. गॅसची शेगडी तीन वर्षं फळीवर बसलीय. तवा राखेखाली इस्तू किती जगतो ते मला शिकवू नकोस. राख इस्तवाला मारत न्हाई, सांभाळते. त्याला पाणीच पाहिजे. ओतायचं, काडीनं ढवळायचं, परत ओतायचं. आवाज बंद झाला की हाताची पाठ जवळ न्यायची, मग टेकवायची. पाठ म्हणते, तळवा न्हाई. तळवा भाजला तर काम बंद.

सारजाबाई


रविवार, २ मार्च

ती. आजी,

सगळं केलं. टाकीजवळ फरशी घातली, दहा पावलं गवत खणून काढलं (माझ्या हातांना फोड आलेत, कल्पना हसते आहे), बादली आणि वाळूचं घमेलं ठेवलं, बाटली टाकून दिली.

आता कबुली. काल संध्याकाळी कणसं भाजली, आणि मुद्दाम बघावं म्हणून पाच-सहा कोळसे पाणी न घालता फरशीवरच राखेखाली ठेवून दिले. आज सकाळी नऊला बोट लावलं. चौदा तास झाले होते! बोट अजून पाण्यात बुडवून दुसऱ्या हाताने लिहितो आहे, म्हणून अक्षर असं. मी गेली दोन वर्षं ही राख कुंपणापाशी ओततो आहे, हे आठवून रात्री झोप येईल असं वाटत नाही.

आजी, काल सकाळी तुमच्या घराकडून कुणाच्या तरी खोकण्याचा आवाज येत होता. तुम्ही तर वर डोंगरावर दिसत होतात. घरी कुणी आजारी आहे का? तुम्ही गंजीबद्दल लिहिता, पण वाचताना मला वाटत राहतं की गोष्ट फक्त गंजीची नाही.

धुळवडीनंतरच्या शनिवारी, पंधरा तारखेला, ऑफिसचे बाराजण येणार आहेत. आधीच सांगून ठेवतो.

शैलेश


सोमवार, १० मार्च

शैलेश,

उत्तराला उशीर झाला. लिहावं का न्हाई ते ठरत न्हवतं.

खोकतो तो माझा नवरा. धुळा. दोन वर्षांमागं माळ्यावरून पडला, खुबा मोडला. पायावर उभा राहत न्हाई. घरात कोंडल्यासारखं होतं म्हणतो, म्हणून खाट पडवीत टाकलीय. पडवीच्या डाव्या अंगाला गंजी, उजव्या अंगाला करडांचं खोपटं. मी नऊला शेरडं घेऊन वर जाते ती चारला खाली येते. तेवढा वेळ तो एकटा. उशाला पाण्याचा तांब्या, अंगावर घोंगडं, आणि कमरेला शेक लागतो म्हणून खाटेखाली इस्तवाचं घमेलं. पोरगा सोमनाथ गाडी चालवतो, तो महिन्यानं येतो.

हे आधी लिहिलं न्हाई, कारण लोकांना कळलं की मान वाकडी करून "अरेरे" म्हणतात. तू म्हणू नकोस. धुळ्याला ते चालत न्हाई. मला तर अजिबात न्हाई.

पण आता तूच विचारलंस तर सांगते. दिवसभर मी वरनं आमच्या छपराच्या पत्र्याकडं बघत असते. आधी धूर बघते, मग शेरडं मोजते. घराचा धूर निळा असतो, बारीक. गवताचा पांढरा, पिवळट, गोळे गोळे येतात. एकदा ढगाची सावली पत्र्यावर पडली तर अर्धा डोंगर उतरून आले. धुळा म्हणाला, "काय विसरलीस?" म्हणलं, "काय न्हाई, तंबाखू." तो काय खुळा हाय? तंबाखू माझ्या कनवटीलाच होती.

तुझ्या बाराजणांत एखादा शहाणा असंल तर त्याला शेगडीपाशी बसव. नसंल तर तूच बस.

सारजाबाई


रविवार, १६ मार्च, दुपारी

ती. आजी,

फार घाईत लिहितो आहे. किमयाला रात्रीपासून ताप आहे, आम्ही आत्ताच निघतोय.

काल पेटवताना सगळं तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं, किमयाला ताप चढेपर्यंत मी स्वतः जागचा हललो नाही; मग कोळशांवर पाणी घालायचं मात्र राहिलं. आज सकाळी मी किमयापाशी असताना एकाने शेगडी साफ करायची म्हणून कोळसे तसेच उचलून जुन्या जागी, कुंपणापाशी ओतले. मी धावत गेलो. टाकीत पाणी नव्हतं, रंग खेळून सगळ्यांनी आंघोळी केल्या होत्या. बादलीही त्यातच रिकामी केली होती. होतं ते पिण्याचं पाणी ओतलं, ढवळलं, वर वाळूचं अख्खं घमेलं टाकलं. आवाज बंद झाला होता. हाताची पाठ लावली, कोमट वाटलं. गार नव्हतं, कोमट.

खोटं कशाला सांगू, मला भीती वाटते आहे. तुम्ही एकदा जाऊन बघाल का? धुळाआजोबांचं कळल्यापासून मी तुमच्या पत्र्याकडे बघितल्याशिवाय फाटकाबाहेर पडत नाही.

शैलेश


गुरुवार, २० मार्च

शैलेश वानखडे यांस,

गंजी गेली. परवा मंगळवारी, दुपारी.

मी वर होते. पांढरा धूर दिसला. गोळे गोळे. शेरडं तितंच टाकून निघाले. पायात चप्पल कुटं सुटली ठाऊक न्हाई. अर्ध्यावर आले तवा जाळ पत्र्याच्या वर दिसला आणि पडवी दिसंना. हाका मारल्या. उत्तर न्हाई. मी आयुष्यात देवाला काय मागितलं न्हाई, तवा पण सुचलं न्हाई. नुसत्या शिव्या देत पळत होते.

धुळा खाटेवरनं खाली पडला होता. दोन वर्षांत ज्याला कूस बदलायला मी लागते, तो कोपरांवर घासत खोपटापर्यंत गेला, ताटी काढली, करडं बाहेर हाकलली. तांब्यातलं पाणी घोंगड्यावर ओतलं आणि ते घोंगडं पेटलेल्या ताटीवर टाकून वर आडवा झाला. लोकर लवकर पेटत न्हाई म्हणून वाचला. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेत. वाडीतल्या भैरूनं जीप काढली, पौडला दवाखान्यात नेलं. काल संध्याकाळी आणलं. घोंगडं सोडत न्हवता, तसंच नेलं.

तुझी चिठ्ठी मी मंगळवारी सकाळी वाचली. कोमट. कोमट म्हंजी काय ते तुला चांगलं ठाऊक होतं, बोट भाजून घेतलं होतंस. मी तुला एकेक अक्षर लिहून सांगितलं होतं. तुझ्या वाळूनं माझं घर जाळलं असतं.

सोमवारी तलाठी येणार हाय पंचनाम्याला. त्याला सांगायचं ते मी सांगीन.

परत पत्र लिहू नकोस.

सारजाबाई मरगळे


शनिवार, २२ मार्च

ती. आजी,

लिहू नको म्हणालात तरी लिहितो आहे. वाचलं नाहीत तरी चालेल.

आज सकाळी आलो तेव्हा कुंपणापाशी उभा राहिलो होतो. आजोबा झोपले होते, दोन्ही हात बांधलेले. तुम्ही पाठमोऱ्या बसल्या होतात. हाक मारायचं धाडस झालं नाही.

चूक माझी आहे. माझी शेगडी, माझा पाहुणा, माझी रिकामी टाकी. सोमवारी मी रजा काढली आहे. तलाठ्यांना मीच लिहून देईन की आग माझ्याकडून लागली. पडवीला नवे पत्रे आणि पावसापर्यंतचा चारा ही माझी जबाबदारी. शेगडी भंगारात दिली. मी ती परत कधी पेटवणार नाही.

फक्त एक गोष्ट मला सकाळपासून काही सुचू देत नाहीये. मी सुटका करून घ्यायला लिहीत नाही, आजी. आज मी ती वाळू हाताने उकरली. कोळसे खाली तसेच आहेत, काळे, गार. त्यांच्याभोवतीचं गवत पिवळंच आहे. माझ्या बाजूला काही जळलेलं नाही, आणि पलीकडे शेरडांच्या वाटेपर्यंतही नवीन काही नाही. जाळ तिथून तीस पावलं कसा गेला ते मला कळत नाही. पण तुम्ही म्हणता म्हणजे गेलाच असणार. आगीतलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

किमयाचा ताप उतरला आहे. ती करडांबद्दल विचारते. सगळी सुखरूप आहेत असं तिला सांगितलं. खरं आहे ना?

शैलेश


रविवार, २३ मार्च, सकाळ

शैलेश,

करडं सगळी हायेत. अकराच्या अकरा. पोरीला सांग.

तू उद्या तलाठ्याला काय लिहून देऊ नकोस. देशील तर मी ते फाडीन.

काल तुझी चिठ्ठी मी धुळ्याला वाचून दाखवली. हात भाजलेत, कान न्हाईत. ऐकून झाल्यावर म्हणाला, "आता सांगू का?" म्हणलं, काय? म्हणाला, "मंगळवारी सकाळी घमेलं कुटं ओतलंस?"

रोज मी त्याच्या खाटेखालची कालची राख वढ्याच्या पाण्यात ओतते, मग नवा इस्तू भरते. मंगळवारी तुझी चिठ्ठी सापडली. शब्द लावत लावत "कोमट" पर्यंत आले. घमेलं हातातच होतं. वढ्यापर्यंत जायला धीर न्हाई. पडवीच्या बाहेर लेंडीखताचा ढीग हाय, गंजीला टेकलेला, त्याच्यावर ओतलं आणि तुझ्या कुंपणाकडं पळाले. राखच हाय म्हणलं. हे मी म्हणलं, जिनं तुला पानभर लिहून शिकवलं. वाळलेली लेंडी पेटली की धूर न्हाई, जाळ न्हाई, आतल्या आत चालत जाते. दुपारी वारा चढला तवा तिनं गंजी गाठली.

आज उजाडता जाऊन ढीग उकरला. खालपर्यंत पांढरी राख हाय. आग तितनंच निघाली.

आणि अजून एक. त्या मंगळवारी मी तुझी वाळू उकरून हात लावला होता. पाठ टेकवली, मग तळवा टेकवला. गार होती. तुझे कोळसे मेले होते, मी माझ्या हातानं बघितलं होतं. मग निवांत शेरडं घेऊन वर गेले. आणि गुरुवारी तुला ते लिहिलं. मुद्दाम खोटं लिहिलं का? न्हाई. जाळ बघितला आणि डोक्यात तुझंच नाव होतं, महिनाभर तेच बसलं होतं. हात काय म्हणाला होता ते आठवलंच न्हाई. यापेक्षा जास्त माफी मला मागता येत न्हाई. शाळेत शिकवली न्हाई.

धुळ्याला विचारलं, चार दिवस गप का होतास? म्हणाला, "तू वरडत होतीस. मधे बोलायला जागा कुटं होती?"

पत्रे नकोत. सोमनाथ टाकतो. चारा घेईन, शेरडांचा राग न्हाई तुझ्यावर. शेगडी भंगारातनं परत आण, तुला ती नीट वापरता येते आता. तलाठ्याला मी माझं मीच सांगते.

आता कामाचं. खाटेखाली आता गरम पाण्याची पिशवी ठेवणार, सृष्टीनं आणलीय. चहा-भाकरी गॅसवर. फळीवरनं शेगडी काढली, धुळा म्हणाला लई दिवसांनी पाहुणी आली. राहिली सासूची आगटी. आज पहाटे तांब्या भरून तिच्यासमोर बसले. राख बाजूला केली. आत लालभडक, माझ्याकडं बघतोय. त्रेपन्न वर्षं रोज सकाळी फुंकर घालून उठवला त्याला. तांब्या तसाच परत ठेवला. धुळा बघत होता. म्हणाला, "तुझ्या हातनं व्हायचं न्हाई. त्या पोराला बोलव, त्याला विझवता येतं."

तवा ही चिठ्ठी मिळाली की तसाच खाली ये, भुकूमला जायच्या आधी. आमची बादली गंजीपाशी होती, वितळली. तुझी भरून आण. तू ओत, मी ढवळते. आवाज बंद झाला की हाताची पाठ मी लावून बघीन.

सारजाबाई